पिवळा सुटलेलं तिकीट, की उन्हानं उडालेला रंग?

टपाल तिकिटावरची पानं हिरव्याऐवजी निळी दिसली म्हणजे पिवळा रंग छापायचाच राहिला आणि ते चुकीचं छापलेलं तिकीट दुर्मीळ, असं काही संग्राहक म्हणतात. सुट्या तिकिटावरून हा निष्कर्ष काढायला माझा विरोध आहे. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत हिरवा म्हणजे निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांची सरमिसळ, आणि उन्हात बहुधा पिवळा आधी उडतो. मी एका पक्ष्याच्या तिकिटाचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकून ते दक्षिणेच्या खिडकीत दीड महिना ठेवलं. उघड्या बाजूची पानं निळसर झाली, लाल चोच गुलाबी पडली, झाकलेली बाजू जशीच्या तशी. मधली रेघ इतकी स्वच्छ होती की पाहून धस्सच झालं, कारण असंच एक ‘दुर्मीळ’ तिकीट मी पूर्वी चांगले पैसे मोजून घेतलं होतं.

दहापट भिंगाखाली पिवळ्याचा एक जरी फिकट ठिपका सापडला तरी पिवळा छापायचाच राहिला, असं म्हणता येत नाही. एकही नाही सापडला तरी खात्री नाहीच. त्याच शीटमधलं शेजारचं, पिवळा हळूहळू कमी होत गेलेलं तिकीट जोडून असेल तरच मी पैसे मोजेन. मोबाइलच्या फोटोवरून तर मुळीच ठरवू नका, कॅमेरा आपल्या मनानं रंग बदलतो.