मदत हवी आहे: फिश प्रोटीन चालू असूनही ट्रायग्लिसराइड वाढले

मासोळी४२
दोन महिने फिश प्रोटीन घेतोय, रोज १० ग्रॅम. उपाशीपोटी साखर १०८ होती, आता १०६. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र १७० वरून २१२! इन्सुलिन २.१ आलंय, ते चांगलं ना? डोस दुप्पट करू की बंद करू? उद्या नवा डबा मागवायचाय, लवकर सांगा.

तिरकस
कुठलं फिश प्रोटीन? डब्यामागचे घटक जसेच्या तसे टाका. एचबीए१सी (सरासरी साखरेची चाचणी) किती? रक्त किती तासांच्या उपासानंतर दिलं?

ओमेगाभक्त
पावडर सोडा, फिश ऑइल घ्या. ट्रायग्लिसराइड त्यानेच उतरतात.

तिरकस
उतरतात, पण ईपीए-डीएचए (तेलातली ओमेगा-३ आम्लं) मिळून रोज २ ते ४ ग्रॅम गेले तर, आणि तेही डॉक्टरला विचारून. साध्या १ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅम. मोजा किती गिळायच्या ते.

ओमेगाभक्त
कॉन्सन्ट्रेटेड मिळतात की. उगाच घाबरवू नका.

मासोळी४२
घटक: हायड्रोलाइज्ड मरीन कोलॅजन, माल्टोडेक्स्ट्रिन, व्हिटॅमिन सी, बायोटिन ५ मिलिग्रॅम. एचबीए१सी केलं नाही. उपास सात तास असेल, आदल्या रात्री पार्टी होती. त्याचा काय संबंध?

गुठळी
गरम पाण्यात थेट टाकू नका, गोळे होतात. आधी दोन चमचे गार पाण्यात कालवा, मग वरून पाणी. आणि ओला चमचा डब्यात घालू नका, पावडर दगड होते.

पेप्टाइडपंत
घोळ डब्यातच आहे. हे कोलॅजन, म्हणजे कातडी-खवल्यांचं. त्यात ट्रिप्टोफॅन नसतं, त्यामुळे प्रथिन म्हणून अपुरं. साखरेवर परिणाम दिसला तो कॉड माशाच्या मांसातल्या प्रथिनांचा. नॉर्वेतल्या एका छोट्या चाचणीत जादा वजनाच्या प्रौढांना ४ आठवडे रोज ३ ग्रॅम आणि पुढचे ४ आठवडे ६ ग्रॅम दिलं होतं. म्हणजे दुप्पट डोसाची घाई नकोच. शिवाय सगळ्या चाचण्यांचे निकाल सारखे नाहीत.

इन्सुलिनच्या २.१ वर तर विश्वासच ठेवू नका. तपासणीच्या बऱ्याच किटमध्ये इन्सुलिन पकडून ठेवायला बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी असते. रक्तातलं जादा बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनवरची जागा अडवतं, मोजायचं इन्सुलिन चिकटायच्या आत धुऊन जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. २.१ × १०६ ÷ ४०५, म्हणजे होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती जुमानत नाही त्याचा अंदाज) ०.५५. ट्रायग्लिसराइड २१२ असताना इतका कमी आकडा पटतो का? थायरॉइडचं टीएसएचही याच रक्तातून केलं असेल तर तोही संशयित.

तिरकस
+१. आणि पार्टीचा संबंध आहेच. दारू आणि उशिराचं जेवण ट्रायग्लिसराइड वर नेतात. एरवीसुद्धा हा आकडा एकाच माणसात २० टक्के इकडेतिकडे होतो. बायोटिन उतरायला डबा तीन दिवस बंद, दारू बंद, १२ तास उपास, मग पुन्हा रक्त द्या. एचबीए१सी जोडीला घ्या, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दिसते.

निमूट
मांसाच्या प्रथिनाकडे वळलात तर जड धातूंचा बॅचनिहाय रिपोर्ट मागा. पारा माशाच्या तेलात नाही, प्रथिनाला चिकटून बसतो. माशाची ॲलर्जी असेल तर हायड्रोलायसेटसुद्धा (तोडून बारीक केलेलं प्रथिन) नको. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

केशरचना
अवांतर: केस गळायचे थांबले का?

मासोळी४२
केसांचं सोडा हो. डबा मागवू की नको?

तिरकस
आधी रक्त.