युनियनच्या कार्यकारिणीत महिला: युनियनच्या घटनेत नेमकं काय बदलायचं?

प्रश्न: चाकणचा कारखाना. ४०० कामगार, त्यात १२५ महिला, बहुतेक ठेकेदारामार्फत. ११ जणांच्या कार्यकारिणीत एकही महिला नाही. येत्या सर्वसाधारण सभेत राखीव जागांचा ठराव मांडायचाय. तेवढ्याने भागेल का? त्यानंतर लगेच कंपनीला मागणीपत्र द्यायचंय.

उत्तर १: आधी सभासदत्वाचं कलम वाचा. तिथे 'कायम कामगार' असेल, तर राखीव जागांवर उभं राहायला बाईच मिळणार नाही आणि 'महिलाच पुढे येत नाहीत' म्हणायला मंडळी मोकळी. ठेकेदाराकडच्या कामगारांना सभासद करा, वर्गणी त्यांच्या पगाराच्या मानाने ठेवा. राखीव जागा 'महिला सभासदांच्या प्रमाणात, अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक' अशा लिहा. सगळे कामगार सभासद झाले तर तुमच्याकडे ११ पैकी ३.४ येतात, म्हणजे ४. शिवाय सरचिटणीस किंवा खजिनदार यांपैकी एक पद महिलेकडे हवंच, नाहीतर चौघी नुसत्या सदस्य राहतात आणि वाटाघाटीला पदाधिकारी जातात. दुरुस्तीचा मसुदा सभेच्या नोटिशीतच शब्दशः छापा. आयत्या वेळच्या विषयात घातलात तर हरकत आलीच. मंजूर झाल्यावर प्रत कामगार संघटनांच्या निबंधकांकडे.

उत्तर २: मागणीपत्रात खरी मेख ग्रेडची असते. एकाच लाइनवर, तेच काम करूनही, तो 'ऑपरेटर', ती 'हेल्पर'. लाइनवार तक्ता करा: मशीन, प्रत्यक्ष काम, पदनाम, बेसिक, भत्ते. 'युनियननेच सही केलीय' ही सबब कंपनीला चालत नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलंय, की समान वेतनाच्या कायद्यापुढे युनियनशी झालेला करार टिकत नाही. म्हणून असल्या ग्रेडवर सहीच करू नका. आणि ५० कामगारांपासून पाळणाघर सक्तीचं आहे, तो कायदेशीर हक्क आहे. पगारवाढीच्या बदल्यात तो सोडायचा नाही.

उत्तर ३: बैठकीची वेळही ठरावात घाला. शिफ्ट सुटल्यावर बैठक म्हणजे कंपनीची बस गेली, म्हणजे बायका गेल्या. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये घ्या.

दुसरं, लैंगिक छळाची तक्रार. आरोप करणारी आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, दोघं आपलेच सभासद असले की पुढारी 'आपसात मिटवू' म्हणतात. तक्रारीची मुदत छळाचा प्रकार घडल्यापासून ३ महिने. मिटवामिटवीत तीच निघून जाते. कंपनीतल्या अंतर्गत तक्रार समितीला फार तर आणखी ३ महिने वाढवता येतात, तेही सबळ कारण लेखी नोंदवून. म्हणून युनियनच्या घटनेत लिहा: तक्रार लेखी करायला युनियन मदत करील, आणि आरोप असलेला पदाधिकारी चौकशी संपेपर्यंत पदावरून दूर राहील.