आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) : १९१६चे हुतात्मे आणि १९७२चे अतिरेकी? आयरिश लोक रेघ नेमकी कुठे मारतात?

लिफीकाठ :
नमस्कार मंडळी, डब्लिनला राहून बरीच वर्षं झाली पण हा प्रश्न काही सुटत नाहीये म्हणून इथे टाकतेय.

ओकॉनेल स्ट्रीटवर जीपीओ आहे, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिस. त्याच्या दगडी खांबांवर ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६च्या उठावातल्या गोळ्यांच्या खुणा अजून बोट लावून बघता येतात. शाळांच्या सहली येतात, पिअर्स, कॉनोली या पुढाऱ्यांची नावं पोरांना तोंडपाठ असतात, स्टेशनांना त्यांची नावं आहेत. इथपर्यंत आपल्याला काहीच नवल वाटत नाही, आपल्याकडेही चिंचवडला चापेकरांचा पुतळा आहेच की.

पण त्याच लोकांसमोर सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडायला बॉम्ब फोडणाऱ्या आयआरएचं नाव काढलं की एकतर विषय बदलतात नाहीतर टेबलावर दोन तट पडतात. मागच्या आठवड्यात जेवायच्या सुट्टीत तेच झालं. कॉर्कची एक कलीग म्हणाली की ते सरळसरळ खुनी होते, त्यांनी आमच्या नावावर माणसं मारली. त्यावर डॉनेगलचा एक जण, एरवी एकदम शांत माणूस, तिला म्हणाला की तुझे पणजोबा १९२०मध्ये पोलिसांवर गोळ्या झाडत होते त्यांचा फोटो तुमच्या हॉलमध्ये आहे ना, मग? नंतर दोघं दिवसभर बोलले नाहीत.

२०२२मध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल टीमने वर्ल्ड कपला क्वालिफाय झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये आयआरएचा जयजयकार असलेलं गाणं म्हटलं तेव्हाही असाच गदारोळ झाला होता, माफी मागावी लागली, दंडही झाला. ज्या मुली गात होत्या त्यातल्या बऱ्याच जणींना तो काळ आठवतही नसणार. म्हणून विचारतेय, ही रेघ कोण मारतं आणि कशाच्या आधारावर? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

सह्यकडा :
चांगला धागा. माझ्या मते रेघ मारली ती दक्षिणेतल्या, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने, स्वतःच्या सोयीसाठी. 'जुनी चांगली आयआरए आणि नवी वाईट आयआरए' ही मांडणी तपासून बघा, पहिल्या झटक्यात डळमळते.

लोकांचा पाठिंबा हा निकष लावायचा तर १९१६वाल्यांकडे तो कुठे होता? शरण आलेल्या बंडखोरांना नेत होते तेव्हा डब्लिनच्या लोकांनीच त्यांना शिव्या घातल्या, कारण कितीतरी घरातले पुरुष तेव्हा फ्रान्समध्ये ब्रिटिश सैन्यात लढत होते. मतं मिळाली ती नंतर, १९१८च्या निवडणुकीत, स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाला १०५ पैकी ७३ जागा, आणि मन वळलं ते ब्रिटिशांनी मे महिन्यात पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या म्हणून. कॉनोली इतका जखमी होता की खुर्चीत बसवून मारला त्याला. निरपराध लोक मेले हा निकष लावायचा तर १९१६च्या त्या आठवड्यात मेलेल्या सुमारे ४८५ जणांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक होते, लहान मुलंही होती. आणि ब्रिटिशांशी केलेल्या तहावरून पेटलेल्या सिव्हिल वॉरमध्ये तर फ्री स्टेटच्या, म्हणजे नव्या आयरिश सरकारने आपल्याच ७७ लोकांना गोळ्या घातल्या, कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले हे लोक.

आणि ही जखम भरलीये असं समजू नका. २०२०च्या जानेवारीत सरकारने ब्रिटिशांच्या काळातल्या पोलिसांची, म्हणजे आरआयसीची आठवण म्हणून कार्यक्रम ठरवला, त्यात जास्त करून आयरिश कॅथलिक पोरंच होती, तरी इतका भडका उडाला की तो पुढे ढकलावा लागला. ग्लासनेव्हिन स्मशानभूमीत एका भिंतीवर बंडखोर, नागरिक, ब्रिटिश सैनिक सगळ्यांची नावं एकत्र कोरली होती, तिच्यावर रंग फेकला, हातोडे घातले, शेवटी तो प्रकल्पच गुंडाळला. शंभर वर्षं झाली तरी मेलेल्यांची नावं एका भिंतीवर चालत नाहीत म्हटल्यावर १९७२चं काय घेऊन बसलात.

मेघना_बी :
मी बेलफास्टला नर्स आहे. सह्यकडा, तुमचं सगळं वाचलं, अभ्यास दिसतो, पण 'मांडणी डळमळते' म्हणून दोन्हीकडची माणसं सारखीच असं होत नाही हो.

२१ जुलै १९७२. इथे त्याला ब्लडी फ्रायडे म्हणतात. दीड तासाच्या आत शहरात वीसेक बॉम्ब फुटले. आयआरएने फोन करून इशारे दिले होते हे खरं, पण एकाच वेळी इतक्या ठिकाणचे इशारे, त्यात काही खोटे, पोलिसांनी कुठली गर्दी कुठे हलवायची? एका ठिकाणाहून पळालेली माणसं दुसऱ्या बॉम्बकडे जात होती. नऊ जण गेले, एकशेतीसच्या आसपास जखमी. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या बस डेपोत माणसांचे तुकडे फावड्याने पिशव्यांत भरावे लागले. आमच्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या एका सिस्टरने मला तो दिवस सांगितलाय, ती कॅथलिक, कॅथलिक वस्तीतल्या फॉल्स रोडचीच, आणि ती आजही आयआरए हा शब्द तोंडातून काढत नाही.

एनिस्किलन, ८ नोव्हेंबर १९८७, युद्धात गेलेल्यांना श्रद्धांजली द्यायला लोक जमलेले, तिथे बॉम्ब. अकरा जण जागीच गेले, बारावा तेरा वर्षं कोमात राहून गेला. गॉर्डन विल्सन ढिगाऱ्याखाली आपल्या मुलीचा हात धरून होते, वीस वर्षांची, नर्सिंग शिकत होती. ती गेली आणि त्या माणसाने त्याच दिवशी बीबीसीला सांगितलं की माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही. मला हे वाचून आजही भरून येतं. ही माणसं काय साम्राज्य होती का? कुणाचं स्वातंत्र्य अडवून बसली होती?

नंदन_ठाणे :
मेघनाताई, तुम्ही लिहिलंत ते एकही अक्षर नाकारता येत नाही. पण गोष्ट जुलै १९७२ला सुरू होत नाही.

उत्तरेतल्या डेरीमध्ये कॅथलिक बहुसंख्य असून कौन्सिल युनियनिस्टांचं, म्हणजे ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या, बहुतेक प्रोटेस्टंट लोकांचं, कारण वॉर्डच तसे कापलेले. घर नाही तर लोकल निवडणुकीत मत नाही, आणि घरं द्यायची कुणाला ते तेच कौन्सिल ठरवणार. ५ ऑक्टोबर १९६८ला लोक नुसता मोर्चा काढून रस्त्यावर आले तर लाठ्या खाल्ल्या. ऑगस्ट ७१मध्ये खटला न चालवता धरपकड, पहिल्या दिवशी तीनशेहून जास्त लोक उचलले. त्याच तीन दिवसांत बेलफास्टच्या बॅलीमर्फी वस्तीत सैन्याच्या कारवाईदरम्यान दहा जण मेले, त्यात एक पाद्री आणि आठ मुलांची एक आई, आणि ते दहाही पूर्ण निर्दोष होते हे कोर्टाच्या चौकशीने सांगितलं कधी, तर २०२१मध्ये! ३० जानेवारी १९७२ला, म्हणजे ब्लडी संडेला, डेरीत ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटने मोर्चावर गोळीबार केला, तेरा जागीच, चौदावा नंतर. पहिल्या चौकशीने दोष मोर्चेकऱ्यांवरच ढकलला. दुसऱ्या चौकशीचा सॅव्हिल रिपोर्ट यायला २०१० उजाडलं, पंतप्रधान कॅमेरॉनने संसदेत माफी मागितली, आणि ज्या एका सैनिकावर खटला चालला तो २०२५मध्ये सुटला.

आता सांगा, भाऊ असा मेलाय, सरकार वर म्हणतंय की तोच गुन्हेगार होता, तर त्या गल्लीतला अठरा वर्षांचा पोरगा काय करेल? ब्लडी संडेनंतर आयआरएकडे भरतीची रीघ लागली हे सगळेच मान्य करतात. शिन फेनच्या मिशेल ओनील २०२२मध्ये म्हणाल्या की तेव्हा दुसरा पर्याय नव्हता, त्यावर खूप आरडाओरडा झाला, पण नंतरच्या सर्व्हेत नॉर्दर्न आयर्लंडच्या नॅशनलिस्ट, म्हणजे एकसंध आयर्लंड हवं असलेल्या मतदारांपैकी दहातल्या सातेक जणांनी त्यांचं बरोबर आहे असंच सांगितलं. आणि आज त्या तिथल्या फर्स्ट मिनिस्टर आहेत.

मेघना_बी :
नंदन, पोरगा आयआरएत का गेला हे समजणं वेगळं आणि पर्याय नव्हता म्हणणं वेगळं, इथेच माझं भांडण आहे. पर्याय होता आणि बहुतेक कॅथलिक लोकांनी तोच घेतला! जॉन ह्यूमची एसडीएलपी, बंदूक नाकारणारा नॅशनलिस्ट पक्ष. डेरीचाच माणूस, त्याच चळवळीतला, लाठ्या-गोळ्या त्यानेही डोळ्यांनी बघितल्या. आयआरएची राजकीय बाजू असलेली शिन फेन निवडणुकीत उतरली तेव्हापासून २००१पर्यंत नॅशनलिस्ट मतं जास्त कुणाला, तर एसडीएलपीला. ज्या काळात बॉम्ब फुटत होते त्या काळात त्या लोकांनी बॉम्बवाल्यांना बहुमत कधीच दिलं नाही. मग आता शांततेत बसून मागे वळून 'पर्याय नव्हता' म्हणणाऱ्यांनी ह्यूमला कुठे ठेवायचं?

१९७३चा सनिंगडेल करार घ्या, त्यातही सत्तेची वाटणी होती, दक्षिणेशी जोडणारं कौन्सिल होतं. लॉयलिस्टांनी, म्हणजे कट्टर युनियनिस्टांनी, संप करून तो पाडला हे खरं, पण आयआरएलाही तो नकोच होता. १९९८च्या शांतता करारात जे मिळालं ते त्याहून फार वेगळं नाही. १९६९पासूनच्या या सगळ्या संघर्षात किती माणसं गेली? सगळी मिळून साडेतीन हजारांवर, त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास आयआरएसारख्या रिपब्लिकन गटांच्या हातून. सरकारी फौजांकडून दहा टक्के, बाकी जवळपास सगळी लॉयलिस्टांकडून.

आणि जीन मॅकॉनव्हिल. दहा मुलांची विधवा आई, डिसेंबर ७२मध्ये घरातून, मुलांसमोर ओढून नेली, खबरी असल्याचा आरोप ठेवून मारली आणि गुपचूप पुरली. मुलं अनाथाश्रमांत पांगली. २००३मध्ये लाउथच्या एका समुद्रकिनाऱ्यावर सांगाडा सापडला. ब्रिटिश सैन्याने दडपलं तसं यांनीही दडपलंच ना?

सुधाकर नाशिक :
मंडळी, वयाने मोठा आहे म्हणून जरा आपल्या बाजूने लिहितो. आपल्या पिढीला आयर्लंडबद्दल जे ममत्व आहे ते विसाच्या दशकातून आलंय. कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्वीनी ब्रिटिश तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून १९२०मध्ये गेला, १९२९ला लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांनी गेले तेव्हा मॅकस्वीनीच्या घरच्यांची तार आली होती. १९८१मध्ये आयआरएचा कैदी बॉबी सँड्स आणि आणखी नऊ कैदी उपोषणात गेले तेव्हा आमच्या कॉलेजात पोरं हळहळली होती, त्यामागे जतीन दासच होते.

पण त्याच्या दोनच वर्षं आधी, २७ ऑगस्ट १९७९ला, स्लायगोजवळ आयआरएने माउंटबॅटनची बोट उडवली होती. आपल्याकडे सात दिवसांचा दुखवटा होता. फाळणीवरून माउंटबॅटनवर राग असलेले आमच्या घरातही होते. पण बोटीत चौदा वर्षांचा नातू होता, आणि बोट सांभाळायला ठेवलेला पंधरा वर्षांचा एक पोरगा, तोही आयरिशच. दोघं गेले. म्हातारी विहीणबाई दुसऱ्या दिवशी गेली. ज्याने बॉम्ब ठेवला त्याला बोटीत मुलं चढणार हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

अजून एक. २८ एप्रिल १९१६ला टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली. त्याच दिवशी डब्लिनमध्ये जीपीओ पेटलं होतं आणि बंडखोर बाहेर पडत होते. होमरूल ही आयर्लंडमधल्या सनदशीर लोकांची मागणी, तिकडे त्याच आठवड्यात तो रस्ता मागे पडला, आणि इथे मंडालेहून सुटलेल्या टिळकांनी तो धरला. लोकमान्य काही मवाळ नव्हते. म्हणून 'बंदूक नाहीतर लाचारी' असे दोनच रस्ते असतात हे मला कधी पटलं नाही.

लिफीकाठ :
काका, ती बेळगावची तारीख वाचून मी थांबलेच, हे मला माहीत नव्हतं. मेघनाताई, नंदन, सह्यकडा, मनापासून धन्यवाद. मला आता असं दिसतंय की कॉर्कच्या कलीगला पणजोबांचा फोटो काढायचा नाहीये आणि डॉनेगलवाल्याला जीन मॅकॉनव्हिलबद्दल बोलायचं नाहीये. आम्ही पुढच्या महिन्यात मुलीला घेऊन उत्तरेत जातोय, ती चौदाची आहे. तिला काय दाखवू?

मेघना_बी :
डेरीत बॉगसाइडला म्युझियम ऑफ फ्री डेरी बघाच, ब्लडी संडेला गेलेल्यांच्या कुटुंबांनी उभं केलंय, मेलेल्यांचे कपडे आहेत तिथे, तिला आधी सांगून ठेव. बेलफास्टला माजी कैदी फिरवून आणतात तो वॉकिंग टूर घे, फॉल्स रोडचा अर्धा भाग रिपब्लिकन माणूस दाखवतो, मग कॅथलिक-प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीच्या, म्हणजे पीस वॉलच्या गेटपाशी तो थांबतो आणि शँकिलकडचा भाग लॉयलिस्ट माणूस पुढे नेतो. दोघं एकमेकांचं खोडूनच काढतात. काही गेटं संध्याकाळी बंद होतात तेव्हा सकाळचाच स्लॉट बघ, आणि राहायला आमच्याकडे या.