पाळीव प्राण्याला विमानानं नेलंय का कधी? अनुभव सांगा

तुरीचं_वावर

काल आईकडे कोठ्यावरचा माळा झाडायला घेतला. रिकाम्या पोत्यांमागून करड्या प्लास्टिकचा पिंजरा निघाला. त्यावर विमानवाल्यांनी लावलेला 'जिवंत प्राणी'चा हिरवा स्टिकर अजून तसाच, दाराच्या जाळीत दोन-चार पांढरे केस. झाडणं राहिलं बाजूला, तिथंच बसले.

बाबा गेले त्या वर्षी आईला मी दिल्लीला घेऊन गेले. मोती गावीच राहिला, आर्वीजवळ. पंधराव्या दिवशी गड्याचा फोन, "बाई, मोती काहीच खाऊन नाही राहिला. बंगईखालून उठत नाही." त्या रात्री आईपण जेवली नाही. मग ठरलं, मोतीला आणायचं.

मोती गावठी, १९ किलो. म्हणजे सीटजवळ नेता येत नाही, खाली सामानाच्या कप्प्यात. मी फोनवर विचारलं, "हो, आणा" म्हणाले. नागपूरला पोचल्यावर काउंटरवर सांगितलं की पिंजरा आखूड आहे, चालणार नाही. शंभरावर किलोमीटर आलो तसे परत. मोती गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून, मी रडत.

मग नीट माहिती काढली. कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्यायची, त्यात जमिनीपासून पुढच्या कोपरापर्यंतच्या उंचीची अर्धी मिळवायची, तेवढा पिंजरा लांब हवा. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उभा राहिला की कान वर टेकायला नको, आत गोल फिरता यायला हवं. गावातल्या टेलरकाकांनी टेप लावून माप घेतलं. मोती त्यांचा हात चाटत होता आणि ते त्याला म्हणत होते, "उभा राय ना बाबू, तुयं जाकीट शिवाचं हाय."

नवा पिंजरा दहा दिवस दार काढून छपरीतच ठेवला. आत बाबांचा दुपट्टा अंथरला. तिसऱ्या दिवशी मोती आपणहून आत जाऊन झोपला. मला विचाराल तर सगळ्या नियमांपेक्षा हे मोठं. पिंजरा त्याला घरचा वाटला पाहिजे.

तुमचे अनुभव लिहा. कुत्रं, मांजर, काहीही.

मनीची_आई

बाई गं, दुपट्ट्याचं वाचून डोळे भरले.

आमची मनी ३ किलोची, म्हणून माझ्याजवळच होती, सीटखाली मऊ पिशवीत. पिशवीसकट वजन धरतात हे लक्षात ठेवा. अकासा विमान कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राणी न्यायला सुरुवात केली तेव्हा मर्यादा ७ किलो होती, आता काय आहे ते तिकीट काढतानाच बघा, बदलत असतं. इंडिगोत सेवा-श्वान सोडून पाळीव प्राणी घेत नाहीत, त्यामुळे स्वस्त दिसलं म्हणून आधीच तिकीट काढून बसू नका.

कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे सिक्युरिटी. पिशवी मशीनमधून जाते आणि मांजर तुमच्या हातात! पट्टा नसता तर मनी सोनेगावातच, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच, राहिली असती. माझ्या खांद्यावर चार नखांचे वळ अजून आहेत. कुकर झाला, नंतर लिहिते.

पऱ्हाटी_७

आर्वीजवळ कोणतं गाव ताई? माझी मोठी बहीण तिकडेच दिली आहे. यंदा बोंडअळी कशी आहे तुमच्याकडे?

तुरीचं_वावर

@पऱ्हाटी_७ दादा, वर्धा नदीच्या अंगाला आहे गाव. बोंडअळी आहेच, तिसरा वेचा हातचा गेला समजा. तुरी बऱ्या आहेत.

चपट्या_नाकाचा_बाप

आमचा पग. नाक चपटं असल्यामुळे कंपनीनं घेतलाच नाही. तेव्हा मी खूप भांडलो होतो. नंतर डॉक्टरांनी समजावलं, या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद, कुत्रं धापेनंच अंग थंड करतं, आणि याला धापच नीट टाकता येत नाही. घाबरला, त्यात ऊन लागलं, तर जीव जातो. बुलडॉग, पर्शियन मांजर यांचंही तसंच. मग मला माझ्याच भांडणाचं वाईट वाटलं.

शेवटी रेल्वेनं नेला, फर्स्ट एसीचा दोन बर्थचा अख्खा कूपे घेऊन. पार्सल ऑफिसात त्याचं वेगळं तिकीट. रात्रभर खिडकीला नाक लावून बसला होता माझा राजा. वर्धा गेलं, बडनेरा गेलं, हा जागाच.

मनीची_आई

अरे किती गोड! फोटो टाका ना.

सोलापिठलं

आमच्या आजेसासूबाईंना मिठ्ठू न्यायचा आहे पुण्याला. पोपटाला काय नियम?

ढोरांचा_डॉक्टर

सोलापिठलं ताई, आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. विमानाचा प्रश्नच येत नाही. वनविभागाशी बोला, ते मार्ग सांगतील. आजींना हळूच सांगा, एकदम नको.

बाकीच्यांसाठी: रेबीजची लस प्रवासाच्या किमान ३० दिवस आधी झालेली असू द्या. प्रवासाला तब्येत ठीक असल्याचा दाखला अगदी अलीकडचा लागतो, महिनाभर जुना चालत नाही. आमच्या दवाखान्यात लोक निघायच्या दिवशी सकाळी येतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, झोपेची गोळी द्या." मी देत नाही. त्या गोळीनं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि खाली कप्प्यात बघायला कोणी नसतं. बऱ्याच कंपन्या गुंगीतलं जनावर घेतही नाहीत.

आणि कृपा करून एप्रिल-मे टाळा. जिवंत प्राणी ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान सांभाळलेलं असतं, ती भीती नको. खरा धोका विमानात चढवण्याआधी, बाहेर डांबरावर ट्रॉलीत उभं ठेवतात तेव्हा. नागपूरचं ४५ डिग्रीचं ऊन आपल्याला माहीत आहे. पहाटेचं किंवा रात्रीचंच विमान घ्या.

आता एका गाईचं अडलंय, निघतो.

पऱ्हाटी_७

सांभाळून जा डॉक्टरसाहेब. वासरू झालं की कळवा.

परदेशी_वऱ्हाडीण

मी जर्मनीत. भारतातून युरोपात कुत्रा आणायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी. त्यात लसीनं तयार झालेली अँटिबॉडी किमान ०.५ IU/ml लागते, आणि रक्त घेतल्या दिवसापासून ३ महिने थांबायचं. वर भारतातून निघताना सरकारच्या क्वारंटाइन खात्याचा दाखला.

आमच्याकडे लस आधी टोचली, चिप नंतर बसवली. म्हणजे ती लस कागदावर धरलीच नाही. पुन्हा पहिल्यापासून. शेरू ५ महिने अमरावतीला आईजवळ राहिला आणि मी इथं त्याची रिकामी गादी बघत. व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकून तो फोनच्या मागे जाऊन शोधायचा मला. आईनं शेवटी कॉल करणं बंद केलं, म्हणे, "त्याले त्रास होते बाई."

आला तेव्हा फ्रँकफर्टला पिंजऱ्यातून कुईकुई ऐकली आणि माझे पायच गेले.

मनीची_आई

😭 बस करा गं सगळ्याजणी. पोरं विचारताहेत आई काहून रडून राहिली.

चपट्या_नाकाचा_बाप

तुरीचं_वावर ताई, मोती पोचला का नीट? सांगितलंच नाही तुम्ही.

ढोरांचा_डॉक्टर

वासरू झालं. कालवड आहे. दोघी ठीक.

पऱ्हाटी_७

लक्ष्मी आली! अभिनंदन.

तुरीचं_वावर

हो दादा, पोचला. नोव्हेंबरचं विमान होतं. निघायच्या आधी फक्त थोडं दही-भाकर खाल्लं, पाण्याची वाटी जाळीला बांधलेली. कागद यावेळी ईमेलवर पक्के करून घेतले होते, कोणी अडवलं नाही. दिल्लीला दार उघडलं तर लगेच बाहेर नाही आला. दुपट्टा तोंडात धरला, मग आला. आई टर्मिनलबाहेर उभी होती. तिच्या पायावर तो दुपट्टा ठेवला आणि तिथंच बसला.

दोन वर्षांनी आई परत गावी आली, मोती पण, त्यावेळी गाडीनं. पुढे चार वर्षं जगला. पिंजरा आई कोणाला देऊ देत नाही. आज उन्हात धुऊन ठेवलाय. केस तेवढे तसेच राहू दिले जाळीत.