क्यूब पास, तरी तीन पावसाळ्यांत पॅनेलला चिरा: फटीग (पुन्हा पुन्हा भार येऊन काँक्रीटचं थकणं) आहे हे ओळखायचं कसं?

दहिसर_सिव्हिल
पश्चिम उपनगरातला सिमेंट रस्ता. पीक्यूसी (वरचा मुख्य काँक्रीट थर) २५० मिमी, एम४० (दाबाची ताकद ४० एमपीए), खाली १५० मिमी डीएलसी (कोरड्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर), मध्ये प्लॅस्टिक शीट. जॉइंट ४.५ मीटरवर, डॉवेल (जॉइंटमधून दोन पॅनेल जोडणाऱ्या गुळगुळीत सळ्या) ३२ मिमीचे. २८ दिवसांचे सगळे क्यूब (दाबून तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) पास. काम मेअखेर संपलं आणि पावसाच्या धास्तीने आठवड्याभरात वाहतूक सोडली. आता डाव्या लेनमध्ये, जिथून बस जातात तिथे, पॅनेलच्या मध्यावर आडव्या (रस्त्याच्या रुंदीत जाणाऱ्या) चिरा आहेत आणि काही कोपरे तुटलेत. ठेकेदार म्हणतो काँक्रीट चांगलं आहे, गाड्याच जास्त भरलेल्या असतात. पाच-सहा कोअर (रस्त्यातून कापलेले गोल नमुने) काढून क्रश केले तर निकाल लागेल का?

स्लॅब_आणि_स्ट्रेस
नाही लागणार. कोअर क्रश करून आजची दाबाची ताकद कळते, पण पॅनेल दाबाने फुटत नाही, वाकून फुटतं. इथे फ्लेक्झरल, म्हणजे वाकण्याला तोंड देणारी, ताकद लागते. ०.७ गुणिले ४० चं वर्गमूळ म्हणजे ४.४३ एमपीए, डिझाइनमध्ये साधारण ४.५ धरतात.

फटीगमध्ये सगळा खेळ स्ट्रेस रेशोचा. चाकाचा आणि तापमानाचा मिळून येणारा स्ट्रेस भागिले फ्लेक्झरल ताकद. आयआरसी ५८ (सिमेंट रस्त्यांच्या डिझाइनची भारतीय मार्गदर्शिका) प्रमाणे रेशो ०.४५ च्या खाली असेल तर फेऱ्या अमर्याद धरतात. ०.५५ च्या वर गेला की लॉग एन = (०.९७१८ − रेशो) ÷ ०.०८२८, एन म्हणजे चालतील तेवढ्या फेऱ्या. मधल्या पट्ट्याला वेगळं सूत्र आहे.

आता उदाहरणादाखल एकत्रित स्ट्रेस २.२ एमपीए धरा आणि तोच ठेवून फक्त काँक्रीटचं वय बदला. आठवड्याभरात ताकद ३.० असेल तर रेशो ०.७३, म्हणजे जेमतेम ७६० फेऱ्या. २८ दिवसांना ४.५ झाली की रेशो ०.४९ आणि मधल्या पट्ट्याच्या सूत्राने फेऱ्या सुमारे १३.७ लाख. ९० दिवसांना ४.९५ गाठली तर रेशो ०.४४, हिशेबातून नुकसानच गायब. तीच गाडी, तोच रस्ता! स्लॅग किंवा फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट असेल तर सुरुवातीची ताकद आणखी हळू चढते. म्हणून क्यूब पास असणं आणि पॅनेल चिरणं यात विरोध नाही. क्यूब २८ दिवसांचा आहे, पण वाहतूक सातव्या दिवसाची.

हे नुकसान मायनरच्या नियमाने (झालेल्या फेऱ्या भागिले चालतील तेवढ्या फेऱ्या, यांची बेरीज) साठत जातं. त्या पहिल्या दिवसांत ७६० पैकी २०० फेऱ्या झाल्या तर पाव आयुष्य संपलं, आणि पुढे ताकद वाढली तरी तो पाव परत मिळत नाही. खडी आणि सिमेंटच्या सांध्यातल्या बारीक चिरा असतात तशाच राहतात. ०.४५ खाली अमर्याद ही डिझाइनपुरती सोय आहे हेही लक्षात ठेवा. स्टीलसारखी स्पष्ट मर्यादा काँक्रीटच्या चाचण्यांत १ कोटी फेऱ्यांपर्यंत दिसलेली नाही. तिथे टिकणारी ताकद स्थिर ताकदीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास येते.

बीमटेस्ट_ठाणे
कोअर काढाच, पण क्रश करायला नव्हे, बघायला. १५० मिमी व्यासाचा, थेट चिरेवर, आणि दुसरा चिरेच्या टोकावर. चीर तळाशी रुंद आणि वर बारीक असेल तर ती खालून आलीय. खडी फोडून गेली असेल तर काँक्रीट पक्कं झाल्यावरची आहे. उलट निष्कर्ष मात्र लगेच काढू नका. आपल्याकडे खडी काळ्या दगडाची, इतकी कठीण की उशिराची चीरही कधी कधी तिला वळसा घालून जाते.

त्याआधी शेजारचा जॉइंट तपासा. कटरने मारलेल्या खाचेखाली चीर पडलीय का? २५० मिमीला खाच ६३ ते ८३ मिमी हवी. खाच उथळ किंवा उशिरा मारली असेल, किंवा डॉवेल वाकडे बसल्याने जॉइंट अडकला असेल, तर आकुंचनाची चीर पॅनेलच्या मध्यात निघते आणि जॉइंट कोरा राहतो. दिसायला हुबेहूब तुमच्यासारखी, पण त्यात फटीगचा संबंध नसतो.

ताकदच हवी असेल तर न चिरलेल्या पॅनेलमधून १५०×१५०×७०० चा बीम कापा आणि ६०० च्या स्पॅनवर दोन बिंदूंनी लोड द्या. ४.५ एमपीएला २५.३ किलोन्यूटन यायला हवेत, आणि बीम मधल्या तिसऱ्या भागातच तुटायला हवा.

पाणी_आधी_बघा
कोपरे वेगळं प्रकरण आहे. रात्री वरचा थर थंड होतो, कोपरे उचलले जातात, त्यावर चाक आलं की वरच्या अंगाला ताण येतो. म्हणून डिझाइनमध्ये दिवसा खालून वर आणि रात्री वरून खाली जाणारी चीर, अशा दोन्ही तपासण्या असतात. त्यात जॉइंटचं सीलंट गेलेलं असेल तर पावसाचं पाणी आत शिरतं, प्रत्येक बस ते गाळासकट बाहेर फेकते, आणि कोपऱ्याखाली पोकळी तयार होते. पाइप किंवा केबलसाठी खणून नीट न दाबलेला चर असेल तर लवकर. जॉइंटवर मातकट डाग आहेत का बघा. सळई आपटून पोकळ आवाज ऐका. पुढचं पॅनेल मागच्यापेक्षा खाली बसलंय का, तेही मोजा.

जादा वजनाचा मुद्दा उडवून लावू नका. चार टायरच्या सिंगल अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टन झाली. डिझाइनमध्ये कोणतं अ‍ॅक्सल स्पेक्ट्रम (कोणत्या वजनाचे किती अ‍ॅक्सल) धरलंय ते मागवा.

दहिसर_सिव्हिल
धन्यवाद. जॉइंटचे कोअर उद्या घेतो. तोपर्यंत आडव्या चिरांना स्टिचिंग करावं का?

स्लॅब_आणि_स्ट्रेस
करू नका. तिरक्या सळ्या बसवून चीर बांधायचं हे स्टिचिंग उभ्या (रस्त्याच्या लांबीत जाणाऱ्या), बंद चिरांसाठी आहे. आडवी चीर जॉइंटसारखी उघडझाप करत असेल तर ती सळ्यांनी बांधल्यावर शेजारीच नवी चीर निघेल. आधी पोकळी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरा, कमी दाबाने आणि पॅनेल उचललं जात नाही ना हे डायल गेजवर बघत. मग पूर्ण जाडीचा तुकडा कापून, जुन्या कडेत डॉवेल एपॉक्सीने बसवून नवं काँक्रीट. आणि त्या तुकड्यावर बस सोडायची वेळ त्याच दिवशी भरलेल्या बीमच्या निकालावर ठरवा, तारखेवर नाही.