बॅकलाइटमधली रानफुलं: फूल सांभाळलं की मागचं जातं, करायचं काय?

रानभैरी:
नमस्कार मंडळी, सकाळच्या तिरप्या उन्हात रानफुलं उन्हाकडे तोंड करून बघितली की पाकळीतून उजेड आरपार येतो, देठावरची लव चमकते, डोळ्याला भारी दिसतं. प्रचित (फोटोत) मात्र एकतर फूल काळपट येतं, नाहीतर फूल सांभाळलं की मागचं सगळं पांढरंफटक. साधा डीएसएलआर आहे, १०० मिमी मॅक्रो लेन्स, रॉमध्येच (सेन्सरची मूळ फाइल) काढते. नंतर एडिटिंगमध्ये शॅडोज (काळोखे भाग) वर ओढल्या की फूल दिसतं पण सपाट होतं, उजेडाची मजाच जाते. मीटरिंग (कॅमेऱ्याची उजेड मोजायची पद्धत) कुठलं ठेवू? फ्लॅश मारू का? आणि गुलाबी-जांभळ्या फुलांत पाकळीवरच्या रेघाच गायब होतात, ते कशामुळे? जाणकारांनी जरा सांगावं.

खटपट्या:
सेटिंग नंतर, आधी फुलाच्या मागे काय आहे ते बघा. मागे आकाश आलं की अर्धा डाव तिथेच गेला, कारण आकाश आणि सावलीतली पाकळी यांच्यातला फरक सेन्सरला झेपत नाही. खाली बसा, आडवे व्हा, चार पावलं सरका, पण फुलाच्या मागे सावलीतला उतार किंवा झाडीचा काळोख येईल असं बघा. सूर्य बरोब्बर मागे नको, थोडा वर किंवा बाजूला आणि फ्रेमच्या बाहेर. अशा वेळी पाकळी हीच फ्रेममधली सगळ्यात उजळ गोष्ट होते आणि मग पूर्ण फ्रेमचं मीटरिंग फसतं, काळोख बघून कॅमेरा सगळंच उजळ करायला जातो आणि पाकळी जळते, म्हणून मायनस ०.७ ते १.३ स्टॉप एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मागे उजळ गवत असेल तर उलटं, प्लसमध्ये जा. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यापुरतं मोजणारं) पाकळीवर लावणार असाल तर लक्षात ठेवा की ते तिला मधल्या करड्या टोनला आणून बसवतं, पांढऱ्या-पिवळ्या फुलाला साधारण एक स्टॉप वर द्यावाच लागतो.

लेन्स हूड लावा, तरी फ्लेअर (लेन्सवर थेट ऊन पडून येणारा धुरकट उजेड) आला तर लेन्सवर टोपीची सावली धरा, यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा. एफ ५.६ ते ८, वारा असेल तर शटर १/२५० च्या खाली नको, आयएसओ वाढला तर वाढू द्या. आणि जाड पाकळीच्या फुलांच्या नादी लागू नका, त्यातून उजेड येतच नाही, त्यांची सरळ सिल्हूट (नुसती काळी आकृती) करा.

अंधारखोली:
वरच्याला +१. रेघा गायब होतात ते लाल चॅनल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल) कमाल मर्यादेला जाऊन उडाल्यामुळे. कॅमेऱ्यावरचा साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवीकडे सगळ्यात उजळ) सगळ्या रंगांची मिळून ब्राइटनेस दाखवतो, त्यात सगळं आलबेल दिसतं आणि आत एकटा लाल उजवीकडे धडकलेला असतो. तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू करा. तोही रॉवरून नाही, जेपेग प्रिव्ह्यूवरून बनतो, त्यामुळे कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल (जेपेगच्या रंगांची सेटिंग) न्यूट्रल ठेवली तर जास्त खरं सांगतो.

एडिटिंगमध्ये पहिलं व्हाइट बॅलन्स. ऑटो बऱ्याचदा सकाळचा पिवळेपणा धुऊन काढतं, ५२००-५५०० केल्विनपासून सुरू करून डोळ्याला पटेल तिथे थांबा. मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली. शॅडोज मात्र पूर्ण फ्रेमच्या उचलू नका, तुमचं सपाट होतंय ते तिथेच! फक्त फुलावर मास्क घ्या (म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागेल), अर्धा स्टॉप उचला, बाकीचा काळोख राहू दे, काळोख आहे म्हणून तर ती कड चमकते. गुलाबी अजून जळलेलं वाटलं तर एक्स्पोजरला हात लावायच्या आधी त्याच रंगाचं सॅच्युरेशन उतरवून बघा, लाल चॅनल एसआरजीबीच्या (स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या) हद्दीबाहेर गेल्यामुळे रेघा दबल्या असतील तर परत दिसतात. रॉमध्येच उडाल्या असतील तर विसरा. पाठीमागून उजेड आलेली पानं फार पोपटी होतात, तो हिरवा-पिवळाही थोडा उतरवा. फ्लेअरमुळे दुधी झालं असेल तर डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर), पण चिमूटभरच. क्लॅरिटी (बारीक कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर) फुलांवर मला अजिबात आवडत नाही, पाकळी पत्र्याची वाटायला लागते.

गवत्या:
फ्लॅश कशाला, पांढरा कागद धरा की फुलासमोर, कॅमेऱ्याच्या बाजूने. मऊ उजेड परत फुलावर पडतो आणि नंतर मास्कबिस्कची भानगड कमी.

अंधारखोली:
कागद फार जवळ आणला की समोरूनही तेवढाच उजेड होतो आणि बॅकलाइट मरतो. पातळ पाकळीला मी तर काहीच धरत नाही.

गवत्या:
मग लांब धरा ना :) मी फक्त फुलाच्या मधल्या काळ्या भागापुरता म्हणतोय. पुंकेसर दिसायला नकोत का?

रानभैरी:
दोघांचंही करून बघते. अजून एक, समोरून ऊन असताना ऑटोफोकस सारखा पुढे-मागे भटकतो, त्याला काही उपाय?

खटपट्या:
फ्लेअरने कॉन्ट्रास्ट पडतो म्हणून भटकतो. लाइव्ह व्ह्यू, मॅग्निफाय, मॅन्युअल. जवळून काढताना रिंग फिरवत बसण्यापेक्षा अंग किंचित पुढे-मागे झुलवून पुंकेसराच्या टोकावर फोकस आला की क्लिक, आणि सलग चार-पाच काढा, वाऱ्यात एखादी तरी शार्प निघते. सूर्य फ्रेममध्ये घेणार असाल तर डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, स्क्रीनवरच बघा.