फार्मव्हिल: तुमचंही शेत होतं का? या, लिहा

फेसबुकवरचं फार्मव्हिल, तो शेती करायचा गेम, आठवतंय ना? जून २००९ मध्ये आलं, दीडेक महिन्यात रोज १ कोटी लोक खेळायला लागले, मार्च २०१० पर्यंत महिन्याला ८ कोटींच्या वर गेले आणि ३१ डिसेंबर २०२० ला ते काढणाऱ्या झिंगा कंपनीने शटर ओढलं. मधल्या काळात आपल्यापैकी कोण कोण कामधंदा सोडून नांगरत बसलं होतं ते कळूदे म्हणून हा धागा. लाजू नका. आमच्याकडे मी, आई आणि मावशी तिघी एकमेकींच्या नेबर, म्हणजे गेममधल्या शेजारणी होतो, मावशी खरोखरच वरच्या मजल्यावर राहायची, तिथून ओरडायची, माझ्या वांग्यांना खत टाक गं!

रातपाळी
हिंजवडीत नाईट शिफ्ट होती तेव्हा. ऑफिसात फेसबुक ब्लॉक, मग घरून निघताना पेरायचं आणि घरी पोचल्यावर काढायचं असं गणित, भात १२ तासांचा तो बरोब्बर बसायचा, स्ट्रॉबेरी ४ तासांची म्हणून वर्ज्य, येईपर्यंत पार वाळून गेलेली असायची. आणि तो गेममधला आपला माणूस प्रत्येक वाफ्यापर्यंत रमतगमत चालत जायचा ते आठवतंय का कोणाला? शेत मोठं झालं की डोकंच फिरायचं. मग एका मित्राने शिकवलं, त्याच्या चारी बाजूंनी गवताचे भारे लावून त्याला कोंडून टाक, मग जागेवरूनच सगळं नांगरतो. भारी होतं ते.

डोंगरवाट
आमची खरी स्ट्रॉबेरी आहे, पाचगणीजवळ. सुट्टीला लॅपटॉप घेऊन गावी गेलो तर आबा मागे येऊन उभे. काय करतोय? म्हणलं स्ट्रॉबेरी लावतोय. "रोपं कितीला पडली?" बी आहे आबा, १० नाणी, नांगरट १५, विकली की ३५. "म्हंजी धा सुटलं. आन मजुरी? मल्चिंग? बॉक्स? गाडीभाडं?" यातलं काहीच नाही म्हणलं. "आन रेट?" रेट कायम ३५च. आबांनी खुर्ची ओढली आणि बसलेच. "पडतच न्हाय?" नाही. "सगळ्या दुनियेनं लावली तरी?" तरी नाही. चार तासांत पीक येतं याचं त्यांना काही नवल वाटलं नाही, पण रेट पडत नाही हे रात्री जेवताना आईला, चुलत्याला, गड्याला, सगळ्यांना सांगून झालं.

एडिसनची_सून
मी न्यू जर्सीत, सासूबाई नाशिकला. आधी रविवारचा फोन म्हणजे बरी आहेस ना, हो आई बरी आहे, संपलं. यांनी त्यांना अकाउंट काढून दिलं आणि चित्रच पालटलं. गुलाबी गाय स्ट्रॉबेरीचं दूध देते यावर आम्ही अर्धा तास बोललोय! माझी रात्र म्हणजे त्यांची सकाळ, त्यामुळे मी झोपले की त्या येऊन कावळे हाकलून, खत घालून जायच्या. नंतर त्यांना गुडघ्यांमुळे बसवेना आणि मग मीही उघडेनाशी झाले.

जुना_प्रोग्रामर
थोडं विषयांतर. ही कल्पना मुळात झिंगाची नव्हे, चीनमध्ये २००८ लाच हॅपी फार्म होतं आणि त्यात शेजाऱ्याचा भाजीपाला चोरताही यायचा (आपल्याकडे जास्त चाललं असतं). फार्मव्हिलची खरी ताकद होती सारखं टोचणारी नोटिफिकेशन, ती फेसबुकने मार्च २०१० मध्ये बंद केली, तिथूनच ओहोटी. वर्षअखेरीला झिंगाचंच सिटीव्हिल आलं, लोक तिकडे पळाले. पुढे सगळे फोनवर गेले आणि हा गेम फ्लॅश या ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरवर, जे आयफोनवर चालायचंच नाही. शेवटी अडोबीने फ्लॅशच २०२० अखेर बंद करायचं ठरवलं, मग कशावर चालवणार. लोकांनी "कंटाळून" सोडला म्हणतात ते मला अर्धवट वाटतं, नेबर नसेल तर त्या शेतात करायला होतं काय?

मोगरा
+१. मी लॉकडाऊनमध्ये परत उघडलं होतं. खाली नेबरांचे फोटो ओळीने तसेच, पण कोणाचीच लेव्हल हललेली नाही. कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकीला मेसेज केला, बाई तुझ्या शेतात तण माजलंय. तिने उलट विचारलं, कुठलं शेत? १७ नोव्हेंबरपर्यंत पैसे टाकून फार्म कॅश (गेममधलं चलन) घेता येत होती, उरलेली सगळी मी झाडांवर उडवली. फार्मव्हिल ३ फोनवर आहे पण मन लागलं नाही.

न_खेळलेला
मी एकदाही खेळलो नाही तरी लिहितो, कारण भोगलंय आम्हीच. फेसबुकच्या भिंतीवर रोज कोणाची तरी गेममधली हरवलेली गाय. एका काकूंना तेव्हा हाईड केलं होतं ते आजतागायत हाईडच आहेत, मध्यंतरी त्यांच्या मुलाचं लग्न झालं तेही मला बाहेरून कळलं.